पंधरा मार्चचा भरणा

११ मार्च २०२५, मंगळवार

आज वेणूमामा येऊन गेले. माझ्या नवऱ्याचे, अनीशचे, हे सख्खे मामा. वेणीमाधव हे नाव आता फक्त बँकेच्या पत्रांवर उरलंय. एका पतसंस्थेत हिशेबनीस होते, निवृत्त झाल्यापासून लोकांची आयकराची कामं करतात. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या निम्म्या दुकानांचे कागद त्यांच्याकडे आहेत. माझं शाळेचे गणवेश शिवायचं काम सुरू झाल्यापासून माझेही कागद तेच बघतात. फी घेत नाहीत.

यंदा पहिल्यांदाच कराचा आकडा मोठा आलाय. सत्तेचाळीस हजार. दोन नव्या शाळा मिळाल्या, त्यामुळे. ऐकून धास्तावले आणि थोडं बरंही वाटलं. कर भरण्याइतकं आपण कमावतो!

मामांनी पुन्हा सगळं समजावलं. आगाऊ कर पंधरा तारखेच्या आत गेला पाहिजे. नंतरही सरकार पैसे घेतंच, पण व्याज लावून. भरायचे मार्ग बरेच आहेत. नेट बँकिंग, कार्ड, यूपीआय, नाहीतर चलन काढून बँकेत जायचं. त्यांचं म्हणणं, आत्ताच माझ्या फोनवरून करून टाकू. "तू वाचत जा, मी सांगतो तसं दाब." मी म्हटलं, शाळेचा चेक वटायचाय, शेवटच्या दिवशी बघू. त्यांना ते आवडलं नाही. शेवटच्या दिवशी साइट रडते म्हणाले.

मामा पूर्वीसारखे राहिले नाहीत. वर्षाची जमाखर्चाची पानं पुढे ठेवली तर म्हणाले, तूच वाच, मी मांडतो. अर्धा तास मी वाचत बसले. खाली शिलाईला बायका खोळंबलेल्या. निघताना चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले तो टेबलाच्या बाहेरच सोडला. गालिच्याला डाग पडला. सॉरी सॉरी म्हणत राहिले. वय झालं की लक्ष राहत नाही माणसाचं.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. सकाळी शाळेचे पैसे जमा झाले. बँकेत गेले तर कळलं, आमची बँक आयकराच्या यादीतच नाही, तिच्या नेट बँकिंगवरून कर भरता येत नाही. आरटीजीएस करायचं तर पोर्टलवरून फॉर्म काढून आणा म्हणाले. उद्या धुळवडीची सुट्टी. परत आले.

पुरणाचा घाट घातला होता, ते अर्धं सासूबाईंच्या जुन्या भांड्यात करपलं.

१५ मार्च, शनिवार

दुपारी बारा वाजता मामांचा फोन. "तू ये की माझ्याकडे दहा मिनिटं. तुझ्याच फोनवरून भरू. तू वाचशील, मी सांगीन." जुळे सोलापूरपर्यंत जायचं म्हणजे जाऊन-येऊन तास मोडतो. पहिलीच्या मुलींच्या पिनोफ्रॉकचं कापड चुकीच्या रंगाचं आलं होतं, व्यापाऱ्याशी भांडण चालू होतं. मी सांगितलं, तुमच्या खात्यावर पैसे टाकते, तुमच्या बँकेतून भरा. दहाच मिनिटं लागतील, असं पुन्हा म्हणाले. मग म्हणाले, बरं, टाक.

चारच्या सुमाराला पुन्हा फोन. "झालं बहुतेक."

मी म्हटलं, बहुतेक म्हणजे काय? तर म्हणाले, पैसे गेले, पावती आली, काळजी करू नकोस. पावती पाठवा म्हटलं तर, देतो नंतर. असलं बहुतेक मला चालत नाही. पण कापडाचा ट्रक दारात होता.

२२ एप्रिल, मंगळवार

सीझन. सकाळी सात ते रात्री नऊ मशिनं चालतात. दोन बायका जास्तीच्या घेतल्या.

गोदामामींचा फोन येऊन गेला. अनीशने मामांना पुण्याला एका डॉक्टरांकडे न्यावं, असं त्यांच्या मनात आहे. काय झालंय विचारलं तर म्हणाल्या, तसं काही नाही, जरा दाखवून आणायचंय, त्यांना एकट्याने सोडवत नाही. अनीशच्या कॉलेजात परीक्षा आणि संध्याकाळी तो माझ्या डिलिव्हऱ्या करतो. तो नसला तर माझं सगळं अडतं. मी म्हटलं, मामी, जूनपर्यंत धरा, सीझन संपला की अनीशला पाठवते. त्या हो म्हणाल्या. समजूतदार आहेत.

अनीशला सांगायचं राहिलं. आज आठवण झाली म्हणून लिहून ठेवते.

१८ जून, बुधवार

शाळा सुरू झाल्या. आता फक्त बदलाबदली. आज पहिल्यांदा दुपारी बायकांबरोबर बसून जेवले. महेश्वरी माझी मुख्य शिवणारी, घरी तेलुगू बोलते, इथे अस्सल सोलापुरी. तिने मामांची गंमत सांगितली. तिच्या नवऱ्याचा कसलासा कागद दाखवायला गेली होती. "ताई, मामांनी कागद उलटा धरला की. उलटाच धरून हं हं करत होते. मी काय बोलले न्हाय. मग म्हणाले, ठेवून जा, सवडीनं बघतो." आम्ही सगळ्या हसलो.

पुण्याचं राहूनच गेलं. मामींनीही पुन्हा विचारलं नाही, म्हणजे बरं असेल.

२८ जुलै, सोमवार

आजचा दिवस लिहावा की नाही कळत नाही.

ओव्हरलॉकची चार नवी मशिनं घ्यायची आहेत. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण यंदाचं रिटर्न भरलेलं हवं. मामांना महिनाभर सांगतेय. रोज एकच उत्तर, यंदा मुदत सप्टेंबरपर्यंत वाढलीय, घाई काय आहे. मुदत त्यांची वाढली, माझी नाही ना. शेवटी बँकेच्या साहेबांनी सात रस्ता चौकातल्या एका कर सल्लागाराचं नाव दिलं. बसवेश. तिशीतला मुलगा, स्वच्छ ऑफिस, दोन स्क्रीन. मामांना न सांगता गेले. तेवढ्यापुरतं अपराधी वाटलं होतं.

बसवेशने पासवर्ड बदलून आयकराच्या साइटवरचं माझं खातं उघडलं, यंदाचं वर्ष काढलं आणि विचारलं, "मॅडम, आगाऊ कर काही भरला नव्हता का?"

भरलाय म्हटलं. सत्तेचाळीस हजार, पंधरा मार्चला.

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. भरलेल्या कराच्या जागी शून्य. "इथे तरी काही दिसत नाही. आता व्याजासकट भरावा लागेल."

रिक्षा केली. घरी येऊन फोनमधलं ट्रान्सफर काढून बघितलं. पैसे मामांच्या खात्यावर गेलेत, त्यात शंका नाही. पुढे कुठे गेले? गेल्याच महिन्यात मामींच्या हातात नवा मोठा फोन दिसला होता. मी तेव्हा कौतुकाने विचारलं, तर म्हणाल्या, ह्यांची कामं आता मलाच करावी लागतात.

अनीशला सांगितलं. तो म्हणाला, मामा असं करणार नाहीत. मी म्हटलं, मग शून्य का आहे? त्याने फोन हातात घेऊन ट्रान्सफरची तारीख पुन्हा तपासली.

३० जुलै, बुधवार

सकाळी एकटीच जुळे सोलापूरला गेले. मनाशी ठरवलं होतं, आवाज चढवायचा नाही. चढवला नाही. पण आता वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं.

मामांनी ऐकून घेतलं. उठून कपाटातला फायलींचा गठ्ठा आणला आणि खिडकीत उभे राहून एकेक कागद नाकाशी नेऊन बघायला लागले. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. "उत्कर्षा, तुझी पावती मी काढली होती. छापून ठेवली होती." मामी मदतीला आल्या तर त्यांना म्हणाले, तू राहू दे. मग बँकेचं पासबुक काढलं. पंधरा मार्चला आयकराच्या नावाने सहा-सात नोंदी होत्या. सत्तेचाळीस हजारांची एक होती. मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी कितीतरी जणांचे कर भरलेत, ही माझीच कशावरून? त्यांनी पासबुक मिटून ठेवलं.

मग म्हणाले, "मला एकदा तुझं खातं उघडून बघू दे. मागेपुढे कुठेतरी असतील पैसे. सरकारात गेलेले पैसे हरवत नाहीत."

मी नाही म्हटलं. पासवर्ड आता दुसऱ्यांकडे आहे, आणि यापुढे माझं खातं मी कुणाच्या हातात देणार नाही, असं म्हटलं. तिथेच उठायला हवं होतं. उठले नाही.

"मामा, गरज होती तर मागायचे होतेत. आम्ही नाही म्हटलं नसतं."

मामा खिडकीकडेच तोंड करून उभे होते. मामी स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्यांच्या हातात ताकाचा पेला होता, माझ्यासाठी आणलेला. तो त्यांनी तसाच परत नेला.

"चार दिवस दे," मामा म्हणाले.

४ ऑगस्ट, सोमवार

दुपारी पावती आली. यंदाच्या वर्षाचा कर, व्याजासकट, माझ्या नावावर भरलेला. मामींच्या फोनवरून आली. बरोबर एक ओळही नाही.

म्हणजे झालं. भरले होते तर पुन्हा कशाला भरतील? अनीशला पावती दाखवली आणि हेच म्हटलं. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाला, "व्याजही त्यांनीच भरलं?" मी म्हटलं, मग कुणी भरायचं?

मला आनंद झाला नाही, हे इथे लिहून ठेवते. सुटल्यासारखं मात्र वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

रिटर्न गेलं. कर्ज मंजूर.

नव्या पेठेत सिद्धाप्पांच्या दुकानात बिल द्यायला गेले होते. ते माझे जुने गिऱ्हाईक, गणवेशाचं मोठं दुकान. त्यांचेही कागद मामांकडे. त्यांनी सहज विचारलं, वेणूमामा कसे आहेत, हल्ली फोन उचलत नाहीत. मला बोलायचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की भरणा झाला की पावती तेव्हाच मागून घेत जा, माझा अनुभव बरा नाही. त्यांनी खोदून विचारलं. मग सांगितलं.

खोटं काहीच सांगितलं नाही. त्यांचंही नुकसान होऊ नये एवढाच हेतू.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. सोळा भाज्या, पंचपक्वान्नं, सवाष्णी आल्या. दरवर्षी मामा-मामी सकाळपासून येतात, मामी गौरींना साड्या नेसवतात. यंदा मीच नेसवल्या. निऱ्या नीट बसल्या नाहीत.

संध्याकाळी अनीश डबा घेऊन जुळे सोलापूरला गेला. परत आल्यावर विचारलं, कसे आहेत? म्हणाला, "घर अंधारात होतं. मामा म्हणाले, दिवा लावायचं लक्षात आलं नाही." डबा मात्र रिकामा करून, घासून परत दिला होता. त्यात साखरही घातली नव्हती. मामी रिकामा डबा कधीच पाठवत नाहीत.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. अनीशच्या बहिणीकडून कळलं की मामांनी काम बंद केलं. गिऱ्हाइकंच राहिली नव्हती, एकेकाने फायली उचलल्या. भाड्याचं घर सोडून दोघं बार्शीला गेलीत, मामींच्या माहेरच्या रिकाम्या खोल्यांत. टेबल, खुर्च्या, प्रिंटर, सगळं देऊन टाकलं.

ती माझ्याकडे बघत सांगत होती. मी करंज्या तळत होते.

मी एकट्या सिद्धाप्पांना सांगितलं होतं. एकट्यांनाच. एका माणसाला सांगितल्याने सगळी पेठ कशी सोडून जाईल? मामांचं काम तसंही ढिलं झालं होतं. लोकांना दिसत नव्हतं का?

असं लिहिलंय खरं, पण झोप लागत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

बँकेला तीन वर्षांचे कराचे कागद हवेत, म्हणून बसवेशकडे गेले होते. त्याने मागची वर्षं एकेक करून उघडली. एका ठिकाणी थांबला.

"मॅडम, तुमचं एक चलन मागच्या वर्षात पडून आहे की."

सत्तेचाळीस हजार. भरणा पंधरा मार्च २०२५, दुपारी. माझंच नाव, माझाच पॅन.

मला आधी काही समजलंच नाही. बसवेशने समजावलं. आपण कमावतो ते वर्ष एक आणि आयकर खातं हिशेब करतं ते वर्ष त्याच्या पुढचं. चोवीस-पंचवीस सालात कमावलं तर भरताना वर्ष निवडायचं पंचवीस-सव्वीस. पोर्टलवर ही वर्षं एकाखाली एक येतात, बारीक अक्षरांत. एक ओळ चुकली की पैसे भलत्या वर्षात जाऊन बसतात. "नेहमी होतं हे. सात दिवसांत लक्षात आलं तर घरबसल्या दुरुस्त करता येतं. आता अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागेल."

मी विचारलं, जुलैत हे का दिसलं नाही?

"मी तेव्हा फक्त त्याच वर्षाचं बघितलं होतं. भरण्यांची सगळी यादी वेगळ्या पानावर असते. तुम्ही म्हणालात त्यांनी भरलेच नाहीत, मग मीही…" त्याने वाक्य सोडून दिलं. नंतर म्हणाला, घाबरू नका, डिसेंबरअखेर सुधारित रिटर्न भरता येतं. दोनदा भरलेला कर परत मिळेल.

त्याला वाटलं मी पैशांसाठी रडतेय.

मामांनी हेच सांगितलं होतं. मागेपुढे कुठेतरी असतील. मला एकदा बघू दे.

घरी अनीशला सांगितलं. तो शर्टाच्या बाह्या दुमडत होता, त्या त्याने पुन्हा सोडल्या, पुन्हा दुमडल्या. "मी तेव्हा बोलायला हवं होतं," एवढंच म्हणाला. मला काही म्हणाला असता तर सोपं गेलं असतं.

७ डिसेंबर, रविवार

बार्शी. अनीश येतो म्हणाला, मी नको म्हटलं. एसटीने गेले. वाटेत वैरागला बस अर्धा तास थांबली, तेव्हा उतरून परत जावं असं एकदा मनात आलं.

धान्याच्या बाजारामागे दोन खोल्या. दार उघडं होतं. मामा कॉटवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मी दारात उभी, समोरासमोर, पाच हातांवर. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कोण आहे?"

मला वाटलं, ओळख दाखवायची नाही. तेही बरोबरच, असं वाटलं. मग ते पुन्हा म्हणाले, "कोण आलंय? गोदा, बघ गं." आणि हात पुढे करून त्यांनी शेंगांचं सूप चाचपलं.

काचबिंदू. मामींनी नंतर सांगितलं. दोन वर्षांपासून कडेकडेचं दिसेनासं होत होतं. ते कुणाला सांगू देत नव्हते. नजर गेली म्हटल्यावर कागद कोण देणार? डावा डोळा आधीच गेला होता. उजवा ऑक्टोबरात गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने आधी आणलं असतं तर तेवढा वाचला असता. गेलेली नजर या आजारात परत येत नाही. मामी हे सगळं भांडी पुसत सांगत होत्या, माझ्याकडे न बघता.

मामांच्या पायाशी बसून मी सांगितलं. चलन सापडलं. पैसे तुम्ही भरले होते.

त्यांचे हात थांबले. "वर्ष कोणतं पडलं होतं?"

"चोवीस-पंचवीस."

"एक ओळ वर," ते म्हणाले. मग सुपातले दाणे एका बाजूला सारले. "म्हणजे भरले होते मी."

मी हो म्हटलं.

"मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेले की काय. त्या दिवशी नीट दिसत नव्हतं. अंदाजाने दाबत होतो. तू म्हणालीस तेव्हा मलाच खात्री राहिली नाही." त्यांचा चेहरा उजळला होता. खरोखर उजळला होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

मी चुकले म्हटलं. माफ करा म्हटलं. ते हाताने नको नको करत राहिले. त्यांना पुढचंच सुचत होतं. अर्ज कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं, सुधारित रिटर्न एकतीस तारखेच्या आत गेलंच पाहिजे, बसवेशला सांग शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. सगळे नियम तोंडपाठ. मी पर्समधून चेक काढला. व्याजासकट सगळी रक्कम लिहून आणली होती. त्यांनी तो हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि परत दिला.

"हे पैसे अजून सरकारात आहेत. तुला आले की मला दे. आत्ता घेतले तर ते तुझ्या पदरचे होतील."

किती विनवलं. ऐकेनात. माझ्यासाठी तेवढा चेक ठेवून घ्या, असं म्हणणार होते, पण मामी बघत होत्या.

परतीच्या बसला मामी स्टँडपर्यंत आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "सांभाळून जा." आधी कधी मला नुसतं जा म्हणाल्या नव्हत्या, ये म्हणायच्या.

१० डिसेंबर, बुधवार

अर्ज दिला. त्यानंतर नव्या पेठेत गेले. दुकानात गर्दी होती, ती संपेपर्यंत थांबले आणि सिद्धाप्पांना सगळं सांगितलं. पैसे मामांनी वेळेवरच भरले होते, चूक फक्त वर्षाची, मी तुम्हाला बोलले ते साफ चुकीचं.

ते कापड घडी करत ऐकत होते. "व्हय का? बरं झालं की सापडलं." मग म्हणाले, "तुमी तवा काय बोलला होता, मला आता आठवत बी न्हाय. कुणीतरी म्हणालं, त्यांच्याकडं पैशाचं काय तरी झालंय. सगळ्यांनीच फायली काढल्या, आमीबी काढल्या."

मी म्हटलं, ते कुणीतरी मीच होते.

"असाल," ते म्हणाले. "आता त्येंना दिसत बी न्हाय म्हणं. कागद देऊन तरी काय करायचं?"

मग बोहारणीशी बोलावं तसं त्यांनी एका गिऱ्हाइकाशी मापावरून हुज्जत घालायला सुरुवात केली. मी आणखी चार दुकानांत गेले. सगळीकडे हेच सांगितलं. कुणी चहा विचारला, कुणी बरं म्हटलं. एकाला तर वेणूमामा कोण हेच आधी आठवेना.

२७ डिसेंबर, शनिवार

अधिकाऱ्यांनी वर्ष दुरुस्त केलं. सुधारित रिटर्न काल गेलं. बार्शीला फोन करून सांगितलं. मामाच बोलले. "चार दिवस हातात राखून भरलंस, छान केलंस."

आमच्या युनिटमध्ये येऊन बसा म्हटलं. कागद मी वाचीन, तुम्ही सांगा, लोकांना मी बोलावते. ते हसले. "लोक यायचे ते माझ्यासाठी यायचे, नियमांसाठी नाही. नियम कुणालाही ठाऊक असतात."

१८ फेब्रुवारी २०२६, बुधवार

परतावा जमा झाला. तासाभरात सगळा बार्शीला पाठवला. नेमकी तेवढीच रक्कम, एक रुपया जास्त नाही. जास्त घालायचा फार मोह झाला होता. त्यांनी तो परत पाठवला असता.

संध्याकाळी मामींचा मेसेज आला. "मिळाले."

पूर्वी मामींचे मेसेज वाचायला बसावं लागायचं. चि. उत्कर्षा हिस अनेक आशीर्वाद, इथपासून सुरुवात. आज एक शब्द. मी त्याखाली काय काय लिहून खोडलं. शेवटी काहीच पाठवलं नाही.

महेश्वरीने मशीन बंद करताना विचारलं, ताई, आता मिटलं ना सगळं? मी हो म्हटलं. पैशाचं मिटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

अनीश आज बार्शीला जाऊन आला. महिन्यातून दोनदा जातो हल्ली, मामांना फिरायला नेतो, पेपर वाचून दाखवतो. मला चल म्हणत नाही. मीही येते म्हणत नाही.

तो परत यायच्या आधी, दुपारी, मीच फोन लावला. काही काम नव्हतं. मार्च जवळ आलाय, यंदाचा कर मी माझा मी भरणार आहे, एवढं मामांना सांगावं, आणि जमलं तर त्यांनी दोन वाक्यं रागावून बोलावं, असं मनात होतं.

फोन मामींनी उचलला. मी म्हटलं, मामी, मी उत्कर्षा. मामा आहेत का?

मागे पातेलं सरकलं, आणि मामांचा आवाज आला, अगदी जवळून, "कोण आहे गं?"

"कुणी नाही," मामी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.